सावडीतली मुलाखत

राजेश्रीला मुलाखतीची भीती कधी वाटली नाही, आणि त्याचं श्रेय ती ताडकळसच्या आठवडी बाजाराला देते. लहानपणी आईच्या शेजारी पोत्यावर बसून तिनं वांगी आणि मेथी विकलेली. समोरचं गिऱ्हाईक खरंच घेणार आहे की नुसतंच हात लावून पुढं जाणार, हे तिला त्यानं तोंड उघडायच्या आधी कळायचं. पुढं नांदेडला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, मोबाईलची अ‍ॅप बनवता बनवता ती 'सीनिअर' झाली. पण मुलाखत घेणारा कितीही मोठा साहेब असला तरी तिला तो अजून मेथीची जुडी उलटीपालटी करून बघणारं गिऱ्हाईकच वाटतो.

अशा बाईला गेल्या वर्षी हातची नोकरी सोडून पुन्हा दारोदार मुलाखती देत फिरावं लागलं. दारोदार म्हणजे आपलं म्हणायचं. फिरायची ती खुर्ची, आणि खुर्ची परभणीत वसमत रोडच्या घरात, मधल्या खोलीच्या खिडकीजवळ.

झालं असं की कंपनीनं हुकूम काढला, उद्यापासून सगळ्यांनी पुण्यात हजर व्हावं. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप बगलेत मारून घरी आलेली राजेश्री तेव्हापासून घरूनच काम करत होती, आणि काम कुठं अडलं नव्हतं. त्याआधी मात्र तिनं पुण्यात एकटीनं काढलेली वर्षं होती. लेक अर्पिता तेव्हा बोलायला शिकत होती. परमेश्वर, म्हणजे राजेश्रीचा नवरा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्याला परभणी सोडता येत नव्हती. पोरगी सासूबाईंनी, धुरपताबाईंनी वाढवली. शनिवारी राजेश्री घरी आली की अर्पिता आजीच्या लुगड्यामागं लपायची आणि शेजारणीला सांगायची, "ही माझी पुण्याची मम्मी." घरातली मम्मी वेगळी आणि पुण्याची वेगळी! राजेश्री त्यावर सगळ्यांसोबत हसायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. आता पोरगी सातवीत होती, शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी "मम्मी" म्हणून हाक मारत होती. ती हाक सोडून राजेश्री कुठंही जाणार नव्हती. तिनं राजीनामा दिला आणि घरून करता येईल अशीच नोकरी शोधायची ठरवली.

नोकऱ्या होत्या. मुलाखतीही होत्या, नको तेवढ्या. पहिल्याच साहेबानं विचारलं, परभणी नक्की कुठं आली, आणि तिथं नेटवर्क असतं का? राजेश्री म्हणाली, "सर, मघापासून आवाज तुमचा तुटतोय, माझा नाही." साहेब हसले. नोकरी दिली नाही.

दुसऱ्यानं पाठांतर घेतलं. अमक्याची व्याख्या सांगा, तमक्यातला फरक सांगा, शेवटी नाण्यांचं एक कोडं. दहा वर्षांत लाखो लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेली अ‍ॅप जिनं बनवली, तिला ते कोडं काही सुटलं नाही. तिसऱ्या कंपनीनं घरी करायला 'छोटंसं' काम दिलं. राजेश्रीनं शनिवार-रविवार घालून ते मन लावून केलं. मग तिकडून ना होकार ना नकार. काही महिन्यांनी त्याच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तिनं बनवलेला स्क्रीन जसाच्या तसा दिसला, बटणांच्या रंगासकट. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक, यांनी शिताच्या नावाखाली हंडाच उचलून नेला! तिनं परमेश्वरला दाखवलं, दोघं पोट धरून हसले. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती, पण रडून तरी काय होणार होतं?

तिला एक मात्र कबूल करावं लागलं. काम करणं वेगळं आणि कामाबद्दल तासभर बोलून दाखवणं वेगळं. मुलाखत देण्याची सवय गंजली होती, आणि गंज एकट्यानं घासून निघत नाही.

तेव्हा तिला सारंग आठवला. नांदेडला वर्गात बरोबर होता, मानवतचा. तिच्यासारखंच काम, तेवढीच वर्षं. वडिलांना, दत्तरावांना, लकव्यानं धरलं म्हणून तो मानवतला परतलेला, आणि आता त्याचीही नोकरी गेलेली. दोघांनी ठरवलं, एक दिवस त्यानं तिची मुलाखत घ्यायची, एक दिवस तिनं त्याची. सकाळी पोरगी शाळेत गेली की फोनवर बसायचं, एकमेकांना पार सोलून काढायचं.

धुरपताबाई मेथी निवडत हे सगळं ऐकत बसायच्या. कळत काही नव्हतं, पण चार-आठ दिवसांत त्यांनी निदान केलं.

"ही तर सावड झाली की गं," त्या म्हणाल्या. "एक दिस त्येचे बैल आपल्या रानात, एक दिस आपले त्येच्या रानात."

"तसंच समजा, आत्या."

"मंग सावडीची रीतबी ध्यानात ठेव. आपल्या रानात नांगराचा तास कसाबी जाऊ दे, सावडीच्या रानात उथळ जाऊ द्यायचा न्हाई. लोक नांगरणी बघून माणूस वळखत्यात."

राजेश्रीनं हे सारंगला सांगितलं. त्याला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून दोघं या प्रकाराला सावडच म्हणू लागले. आणि सावडीनं काम केलं. राजेश्रीला कळलं की ती उत्तर द्यायची घाई करते, आधी प्रश्न नीट विचारून घेत नाही. सारंगचं दुखणं निराळं होतं. एखादी गोष्ट आली नाही की तो ती बोलण्याखाली झाकायचा, आणि बोलण्यात तर तो असा तरबेज की ऐकणाऱ्याला झाकलेलं दिसू नये.

दोन महिन्यांत राजेश्रीच्या हातात हैदराबादच्या एका कंपनीचं पत्र आलं. नोकरी चांगली, पण रोज ऑफिसात यावं लागेल आणि सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवा. परमेश्वर म्हणाला, "जा तू. अर्पिताचं मी बघतो." तो मनापासून म्हणाला, म्हणून तर तिला त्याच्याशी भांडताही आलं नाही. घरात जास्त कमावणारी तीच, नोकरीवाचून किती दिवस काढणार? आता एकच दार उघडं होतं. खेड्यातल्या दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवणारी बंगळूरची एक कंपनी होती, जागा एकच, पण काम कायमचं घरून. तिथल्या दोन फेऱ्या राजेश्रीनं पार केल्या होत्या. शेवटची शुक्रवारी होती. ती जागा मिळाली तर परभणी, नाही तर हैदराबाद.

बुधवारी सावडीत सारंगची पाळी होती. बसता बसता तो म्हणाला, "आज जरा जोरात घे. उद्या माझी शेवटची फेरी हाय."

"कुठली?"

"ती दवाखान्यांची. बंगळूरची."

राजेश्रीनं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "माझी परवा हाय. तिथंच."

दोघांनाही एकाच जागेवर जायचं होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पहिल्याच फेरीत कंपनीनं ताकीद दिलेली, इथले प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत. म्हणून दोघांनी प्रामाणिकपणे कंपनीचं नावच एकमेकांपुढं काढलं नव्हतं.

"मग आज ऱ्हाऊ दे," सारंग म्हणाला. "तुला कामून अडचणीत टाकू?"

खरं सांगायचं तर राजेश्रीला क्षणभर ते बरं वाटलं. पाळी तिनं मोडली नव्हती, त्यानंच सोडली होती, मग पाप कुणाला? सारंगचं दुखणं तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं नुसते सोपे प्रश्न विचारले असते तरी तो उद्या तसाच झाकत बोलला असता. पण मनात असा हिशेब चाललाय हे कळल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की ती कामाला लागते.

"पाळी ती पाळी," ती म्हणाली. "बस."

तिनं त्या दिवशी सारंगला असं नांगरलं की विचारू नका. तो बोलण्यात शिरला की ती थांबवायची, "हे बोलणं झालं, उत्तर कुठंय?" तो चिडला. "तू मुलाखत घ्यायलीस का भांडायलीस?" म्हणाला. ती हटली नाही. शेवटी त्यानं हात टेकले आणि म्हणाला, "न्हाई येत मला हे. बास?" राजेश्री म्हणाली, "हां. आता हेच उद्या तिथं सांगायचं, आणि येत नसलं तर कसं शोधशील तेवढं सांगायचं." सारंगनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "लय उपकार झाले."

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "लय मस्त झाली! ते 'येत न्हाई' म्हणायचं बराबर कामाला आलं. आता तू ऐक, कालचं फेडतो. पयला प्रश्न त्यांनी असा—"

राजेश्रीनं फोन ठेवून दिला. पुन्हा वाजला, तिनं उचलला नाही. हातातलं सोडून ती गच्चीवर गेली आणि वाळत घातलेल्या मिरच्या उगाच हलवत बसली. तो प्रश्न ऐकायची तिला इच्छा नव्हती असं नाही. फार होती. म्हणूनच ती खाली आली नाही.

शुक्रवारची मुलाखत विमला मॅडमनी घेतली. बंगळूरच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. गेल्या कित्येक मुलाखतींत राजेश्रीला पहिल्यांदा वाटलं की हे गिऱ्हाईक खरं आहे, भाजी ओळखून घेणारं आहे. तास कसा गेला कळलं नाही. ती प्रश्न आधी नीट विचारून घेत होती, मग उत्तर देत होती. शेवटी मॅडमनी प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, तयारी फार चांगली दिसते, कुठं केली?

आता हुशार माणूस "घरीच केली" म्हणून मोकळा झाला असता. पण राजेश्री खुशीत होती, आणि सावड ही काही लपवायची गोष्ट नाही. आपल्याकडं सावड टिकवणारं घर म्हणजे इज्जतीचं घर. तिनं मॅडमना इंग्रजीत सावड समजावून सांगितली, बैलांसकट. वर अभिमानानं सांगितलं की माझा सावडकरी तुमच्याकडंच काल मुलाखत देऊन गेला, सारंग, मानवतचा.

मॅडमचा चेहरा उतरला.

"म्हणजे शेवटच्या फेरीतले दोन उमेदवार रोज एकमेकांची तयारी करून घेत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "काल त्याला मी जे प्रश्न विचारले, तेच आज तुम्हाला विचारले. आणि तुम्ही इतकी सुरेख उत्तरं दिलीत."

राजेश्रीला तेव्हा कळलं की आपण कुठं पाय टाकला. रानात जी इभ्रत, ती पडद्यापलीकडं कॉपी दिसत होती.

"मला एकही प्रश्न माहीत नव्हता," ती म्हणाली.

"त्यानं सांगायचा प्रयत्न केला होता?"

'हो' म्हणावं तर सारंग जातो. 'नाही' म्हणावं तर खोटं. आणि गप्प बसावं तर दोघंही जातात. राजेश्रीनं एक श्वास घेतला.

"मॅडम, माझं मला विचारा, त्याचं त्याला विचारा. मी प्रश्न ऐकून आले नाही, एवढं मी सांगू शकते. तेही पटत नसेल तर आजचा अख्खा तास फेकून द्या. नवा प्रश्न काढा, पाहिजे तेवढा अवघड. मी बसलेली आहे."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. थोडा वेळ मागून घेतला आणि परत आल्या त्या खरोखरच नवा प्रश्न घेऊन. एका रोग्याची माहिती दोन नर्सनी दोन फोनवर भरली, दोघींकडं नेटवर्क नव्हतं, आणि दोघींचं लिहिलेलं जुळत नाही. नेटवर्क आल्यावर अ‍ॅपनं कुणाचं खरं धरायचं?

"कुणाचंच नाही," राजेश्री म्हणाली. "सहसा शेवटी आलेलं खरं धरतात. पण इथं जिवाशी गाठ आहे. दोन्ही जपून ठेवायचं, एकही पुसायचं नाही, आणि डॉक्टरला दोन्ही समोर दाखवून विचारायचं." मग तिनं ते कसं करायचं हे टप्प्याटप्प्यानं मांडलं. एका जागी ती अडली. दोन्ही फोनची घड्याळंच चुकीची असली तर आधी कुणी लिहिलं हे कसं ठरवायचं? तिनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि सरळ सांगितलं, "हे मला आत्ता येत नाही. आधी मी खरे फोन घेऊन बघीन, मग बोलीन." मॅडमनी मान हलवली. कळवते, म्हणाल्या.

शनिवार-रविवार फार वाईट गेले. एक फोन करून सारंगला सावध करता आलं असतं, पण मग दोघांनी मिळून उत्तर ठरवलं असं झालं असतं. तिनं फोन पालथा घालून ठेवला. रविवारी अर्पितानं विचारलं, "मम्मी, हैदराबादहून दर शनिवारी येता येतं का गं?" कुणी सांगितलं होतं तिला कोण जाणे. राजेश्रीनं तिची वेणी घालायला घेतली.

सोमवारी सकाळी हैदराबादच्या पत्राला 'होय' लिहून ती बसली होती, पाठवायचं तेवढं बाकी होतं, तेव्हा विमला मॅडमचा फोन आला. जागा तुमची, त्या म्हणाल्या. राजेश्रीनं खिडकीचा गज घट्ट धरला.

"एक गोष्ट मी सांगायला नको, पण सांगते," मॅडम पुढं म्हणाल्या. "मी सारंगला विचारलं. तो म्हणाला, मी सांगायला निघालो होतो, तिनं फोन ठेवून दिला. 'नाही' म्हणाला असता तर आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. ताकीद दिलेली होती, त्यामुळं त्याला घेता येणार नाही. पण तो माणूस मला आवडला."

घरात पेढे आणायची धावपळ सुरू झाली. धुरपताबाईंनी देवापुढं साखर ठेवली. राजेश्रीनं हैदराबादला नकार लिहिला, लॅपटॉप पिशवीत घातला, स्कूटी काढली आणि पाथरी रस्त्यानं मानवत गाठलं. पेढे तिनं मुद्दाम घेतले नाहीत. ज्याची जागा गेली त्याच्या घरी पेढे कसे न्यायचे?

सारंग दत्तरावांना खुर्चीत बसवून त्यांचा हात चोळत होता. तिला दारात बघून हसला. "अभिनंदन. मॅडमनी सांगितलं मला."

राजेश्रीला हसू आलं नाही. सगळ्या रस्त्यात साठलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "कामून सांगितलंस त्यांना? मी तुझ्या फोनाचं काही सांगितलं न्हाई, तुला इचारा म्हणून सोडलं, ते काय असं करण्यासाठी? तुला गरज न्हवती का नोकरीची? काकांना सोडून तू कुठं जाणार हायस?"

दत्तरावांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. सारंगनं त्यांचा हात मांडीवर नीट ठेवला.

"पयल्यांदा 'न्हाई'च म्हणणार व्हतो," तो म्हणाला. "जिभेवर आलं व्हतं. तू फोन ठेवलास तवा मला लय राग आला व्हता, राजेश्री. म्हणलं, मी द्यायलो आन् ही घ्यायना, एवढी काय लागून गेली? पण मॅडमनी इचारलं तवा कळलं. तू ठेवलास म्हणून मला 'सांगायला निघालो व्हतो' म्हणता आलं. ठेवला नसतास तर 'सांगितलं' म्हणावं लागलं असतं. नोकरी तर तशीबी गेली असती. ही सावड गेली असती ते वेगळंच."

राजेश्रीचे डोळे भरून आले, आणि तिनं ते लपवले नाहीत. मग पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला.

"आता काय?" सारंग म्हणाला. "तुझी झाली की नोकरी. सावड फिटली."

"फिटली कशी? तुझं रान पडलंय अजून," ती म्हणाली. "बस. आज तुझी पाळी हाय, आणि मी आता पगारी सीनिअर हाय, जरा दबून ऱ्हा."

तिनं घड्याळ चुकलेल्या दोन फोनांचा प्रश्न त्याच्यापुढं टाकला. खुद्द मॅडमना विचारून घेतलं होतं, हा सांगितला तर चालेल का म्हणून. सारंगनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "न्हाई येत." मग कागद ओढून घेतला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत दोघांनी मिळून तो सोडवला.